आवक-जावक

सुरगाण्याची पहिली गाडी
वणी, दिंडोरी करत साडेदहाला सीबीएसला लागते.
तिथून चालत येणारे मला जिन्यावरच ओळखू येतात:
पिशवीत कागद, कागदांत अजून एक पिशवी.

उर्मिला लहानू भोये, लग्नानंतर गावित.
आरोग्यसेविका, निवड यादीत चौथी.
कडेवर दीड वर्षाची पोर.
आवक क्रमांक मी घातला, दोन हजार एकशे सात.

माहेर डांगात. सासर नाल्याच्या अलीकडे.
नाला तरी केवढा, उन्हाळ्यात
वहाणा न काढता ओलांडावा एवढा.
दोन्हीकडे कोकणाच. नागली तीच,
डोंगऱ्या देवाला रात्र जागवणारी पावरी तीच,
फक्त वाजवणाऱ्याचं रेशनकार्ड वेगळ्या लिपीत.

तिने आजोबांचा शाळेचा दाखला काढला.
सन एकोणपन्नास. चारही घड्यांवर चिकटपट्टी.
मराठीत. वर छापलेलं: मुंबई सरकार.
समितीला हवा
पन्नास सालच्या सप्टेंबरातला
महाराष्ट्रातल्या रहिवासाचा पुरावा.
मी चष्मा पुसला.
पन्नास साली महाराष्ट्र
नकाशावर नव्हता हो,
असं मनात म्हटलं.
मनात म्हटलेल्याला क्रमांक लागत नाही.

कायद्यात चार शब्द आहेत, मला पाठ:
त्या राज्याच्या संबंधात अमुक.
आमच्याकडे संबंध म्हणजे सोयरीक.
हळद लागते, मांडव पडतो,
पोरगी नाला ओलांडते
आणि संबंध तुटतो.

ती म्हणाली, साहेब, माझं सिकलसेलचं कार्ड
आहव्याच्या दवाखान्यातलं.
बाळंतपणात इथल्या डॉक्टरीणबाईंनी तेच पाहिलं,
इकडचं नाही मागितलं.
रक्ताला चालतं ते...
वाक्य तिथंच राहिलं, पोर रडायला लागली म्हणून.

पोरीला मिळेल. बाप गावित, पिढ्यान् पिढ्या अलीकडचा.
कडेवरची यादीतली, कडेवर घेणारी यादीबाहेरची.
पोर दूध प्यायली, गप्प झाली.

त्याच बाकावर पेठची एक मुलगी होती, मोहना दळवी.
प्रतीक्षा यादीत पहिली.
आई दिंडोरीच्या बागांत द्राक्षाचे घड विरळते,
बाप नाही.
हिचा दावा गेला तर तिची जागा.
तीही इथंच भुकेली वाढली, ह्याच यादीच्या भरवशावर.
तिला चुकीचं म्हणायला मला तोंड नाही.
दोघी आपल्या बोलीत काहीतरी बोलल्या, हसल्याही.
एका बाटलीतलं पाणी प्यायल्या.
मी टेबलावरून ऐकत होतो, अर्धंच कळलं.

आमच्या शिपायाचा जुना विनोद आहे:
एसटीने येतात, एसटी होऊन जातात का बघू.
त्या दिवशी त्याने केला नाही.

चार महिन्यांनी निकाल लागला.
अर्जदार स्थलांतरित, सबब दावा अवैध.
तीन सह्या. माझी कुठेच नाही,
मी फक्त जावक क्रमांक घातला,
पाकिटावर पत्ता लिहिला,
तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक.

त्या पाड्याला इकडून सडक नाही.
पोस्टमन मोटरसायकलवर गुजरातेत शिरतो,
कोसभर जातो, गाडी झाडाखाली लावतो,
नाला उतरून पायी अलीकडे येतो.
त्याला कोणी पुरावा विचारत नाही.

पोचपावती आली. ती मी फाईलला टाचली.
सही होती तिच्यावर,
पहिलं अक्षर गुजरातीतलं, खोडलेलं,
पुढचं सगळं नाव मराठीत.